चौथी मूठ

"बघा की कशी निघालीय. तोंड दिसतंय त्यात," राजाबाई म्हणाल्या आणि ओल्या हातानं त्यांनी पाटाकडे बोट दाखवलं.

शरणबसव बिराजदार नुकतेच आंघोळ करून, कपाळावर विभूती ओढत देवघरापाशी आले होते. खंडेनवमीची सकाळ होती. पाटावर विळी होती, कात्री होती, पाना आणि पकड होती, स्कूटरची किल्ली होती. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीची कंपासपेटीसुद्धा होती, कारण राजाबाई पूजेतून कुणाला वगळत नसत. आणि या सगळ्यांच्या मधोमध, झेंडूच्या माळेत, एक सुरी पांढरीशुभ्र चमकत होती. शरणबसवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सुरी तीच होती. कुंभारीच्या आबासाहेबांची. काल संध्याकाळपर्यंत ती काळी होती.

काळी म्हणजे मळकी नव्हे. कांदा, लिंबू, बाभळीचा डिंक, मेंढरांची खुरं, विहिरीचं मचूळ पाणी, असं पन्नास वर्षांचं काय काय पिऊन त्या पोलादावर निळसर काळा रंग चढला होता. एखादा माणूस नातवाच्या जावळाकडे बघतो तसे शरणबसव त्या रंगाकडे बघत असत.

"कालच चिंचेच्या पाण्यात भिजत घातली," राजाबाई सांगत होत्या. "मग राख आणि विटेची पूड. दीड तास घासली ओ. मूठ तर ब्रश घेऊन घासली. किती मळ, बादलीभर काळं पाणी निघालं. आता म्हटलं, दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात आहे सणाच्या दिवशी, तशीच कशी पुजायची?"

मूठ चामड्याची होती. चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून, दाबून केलेली. ती अख्खी रात्र पाण्यात होती.

ते काहीतरी बोलणार होते. पण राजाबाईंच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. चौतीस वर्षांच्या संसारात राजाबाईंनी नवऱ्याच्या सुऱ्यांना कधी हात लावला नव्हता. आज पहिल्यांदा लावला होता, आणि तोही मायेनं.

"छान निघालीय," शरणबसव म्हणाले.

शरणबसव हे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. सात रस्ता चौकाच्या मागच्या बाजूला तीन खोल्यांचं घर, गळ्यात लिंग, घराण्यात पिढ्यानपिढ्या कुणी अंडं फोडलेलं नाही. अशा माणसाला शिकारीच्या सुऱ्यांचं वेड लागावं, याला देवाची थट्टाच म्हणायची. सुरुवात झाली ती कचेरीच्या अडगळीत. जुन्या मोजणीच्या पेट्या रिकाम्या करताना एका पेटीच्या तळाशी म्यानातली सुरी निघाली. साहेब म्हणाले, "घेऊन जा बिराजदार, इथं गंजून जाईल." शरणबसव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी ती हातात घेतली आणि त्यांना ती फार आवडली. तिला बिजागरी नव्हती, खटका नव्हता. ती उघडत नव्हती, मिटत नव्हती. टोकापासून मुठीच्या आतपर्यंत एकच सलग पोलाद. कचेरीत दिवसभर एका कागदाचे चार अर्थ लावणाऱ्या माणसाला अशी सरळ वस्तू आवडणारच.

मग जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून, कुणाच्या माळ्यावरून अशा आठ सुऱ्या जमल्या. शरणबसव महिन्यातून एकदा त्या बाहेर काढत, मऊ फडक्यानं पुसत, तेलाचं बोट फिरवत आणि पुन्हा कपाटात राजाबाईंच्या पातळांच्या मागे ठेवून देत. त्या आठांपैकी एकीनंही कधी मुळा चिरला नव्हता. "आठ आठ हत्यारं घरात, आणि मी भोपळा आपटून फोडते," असं राजाबाई पाहुण्यांना सांगत.

दोन वर्षांपूर्वी एका वास्तुशांतीला जाताना अक्कलकोट रस्त्याला, कुंभारीच्या अलीकडे, शरणबसवांनी एवढ्या जोरात ब्रेक दाबला की मागे बसलेल्या राजाबाई त्यांच्या पाठीवर आदळल्या. रस्त्याच्या कडेला एक धनगर म्हातारा मेंढरांना बाभळीच्या डहाळ्या टाकत होता आणि त्याच्या हातात सुरी होती. पातं आणि मूठ यांच्यामध्ये पितळी आड, चामड्याची मूठ, पाठीला सरळ आणि टोकाशी किंचित उचललेलं पातं. शरणबसवांनी असली सुरी फक्त चित्रात पाहिली होती.

म्हाताऱ्याचं नाव आबासाहेब. त्यांचे वडील कालव्याच्या कामावरच्या एका इंजिनिअर साहेबाबरोबर रानात हाका उठवायला, आरडाओरडा करून जनावर बाहेर काढायला जात. साहेबाला शिकारीचा नाद. पुढे शिकारीवर बंदी आली, साहेबाची बदली झाली, आणि जाताना त्यानं कमरेची सुरी काढून आबासाहेबांच्या वडिलांना दिली. "तवापासनं हिनं शिकार म्हणून केली न्हाय," आबासाहेबांनी सांगितलं होतं. "पर रिकामी बी बसली न्हाय."

हे शेवटचं वाक्य शरणबसवांना लागलं. कपाटात आठजणी रिकाम्या बसल्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी ते कुंभारीला जाऊ लागले. आबासाहेबांच्या वस्तीवर लिंबाखाली बाजल्यावर बसायचं, त्यांच्या बायकोच्या, सारजाबाईंच्या हातचा बिनदुधाचा चहा प्यायचा आणि सुरीकडे बघायचं. तिनं दोर कापलेला बघायचा, काकडी सोललेली बघायची, वहाणेचा अंगठा नीट केलेला बघायचा. पावसाळ्यात खुरं वाढली की मेंढरू आडवं पाडून खुरं काढायची. आबासाहेब मेंढरू गुडघ्यांत धरून बसत आणि त्यांची नात अंकिता सुरी चालवी. अंकिता जनावरांच्या दवाखान्याचा डिप्लोमा झालेली, बावीस वर्षांची, कमी बोलणारी मुलगी. ती खुराची कड अशी काढायची की मेंढराला कळायचंसुद्धा नाही. शरणबसव पात्याचा कोन बघत आणि घरी येऊन वहीत उतरवत. वहीत सुरीचं चित्र होतं, मापं होती, पात्याच्या मुळाशी असलेल्या झिजक्या शिक्क्यातली चार अक्षरं भिंगातून बघून लिहिलेली होती, आणि खाली लाल शाईत लिहिलं होतं: मूठ मूळची, अस्सल.

खरं सांगायचं तर शरणबसवांना ती सुरी हवी होती. फार हवी होती. आयुष्यात त्यांनी कधी बढती मागितली नाही, बदली मागितली नाही, पण या सुरीचं नाव काढलं की ते लहान मुलासारखे पुढे सरकून बसत. एका रविवारी धीर करून त्यांनी आडून विचारलं, "आबासाहेब, ही पुढं कुणाकडे जायची?"

आबासाहेबांनी तंबाखू मळत उत्तर दिलं, "वापरणाऱ्याकडं की."

शरणबसवांनी ते वाक्य आपल्यासाठीच आहे असं मानलं. घरी येऊन त्यांनी आठांपैकी एक सुरी काढली आणि केळं सोललं. पुढच्या रविवारी काकडी चिरली. राजाबाईंना वाटलं, निवृत्तीनंतर माणसं बदलतात म्हणतात ते हेच.

आणि गेल्या रविवारी त्यांनी शब्द टाकला. मूठ जरा सैल झाली आहे, चार दिवस द्या, तेल पाजून आणतो. आबासाहेबांनी लगेच कमरेची सुरी काढून दिली. "न्या की. तुमच्या हातात काय भ्या?" इतक्या सहज दिली म्हणून शरणबसवांच्या आशेला पालवी फुटली होती. चार दिवस सुरी त्यांच्या घरात राहिली. आणि आज ती झेंडूच्या माळेत गोरीमोरी होऊन पडली होती.

बरं, उचलून बघावी तर तीही सोय नव्हती. खंडेनवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. शरणबसव पाटासमोर मांडी घालून बसले. दुपारपर्यंत उन्हाची तिरीप देवघरात आली, मुठीवर पडली, आणि भिजून फुगलेल्या चकत्या वाळून आक्रसायला लागल्या. दोन चकत्यांमध्ये फट पडली. मग आणखी एक. चार वाजता एक चकती टरकली, आणि तो बारीक आवाज शरणबसवांना शेजारच्या टीव्हीच्या आवाजातही ऐकू आला. भिंग आणून त्यांनी हात न लावताच शिक्का पाहिला. काळेपणा खाचांत बसला होता म्हणून अक्षरं दिसत होती. आता तिथं गुळगुळीत पोलाद होतं.

"एवढी भक्ती तर मी तुमच्यात कधी बघितली नाही," राजाबाई येता-जाता म्हणाल्या.

सुरी गेली ती गेली. पण त्यांना खरी धास्ती वेगळीच होती. म्हाताऱ्यानं विश्वासानं दिलेली वस्तू चार दिवसांत नासवून परत द्यायची, मग कुठल्या तोंडानं त्या लिंबाखाली बसायचं? रविवारच संपला. आणि दोष राजाबाईंवर ढकलायचा, तर तो त्यांच्यानं ढकलवणार नव्हता.

दसऱ्याला सकाळी त्यांनी सुरी पिवळ्या फडक्यात गुंडाळली, आपट्याची पानं पिशवीत टाकली आणि स्कूटर काढली. एकट्यानं जायचं, पायावर डोकं ठेवायचं, सगळं सांगून मोकळं व्हायचं, असा बेत होता.

"थांबा, मीपण येते," राजाबाई नवं पातळ नेसून बाहेर आल्या. "दोन वर्षं दर रविवारी माझा नवरा नेतोय, तो माणूस नीट बघू तरी द्या मला."

बेत तिथंच मोडला. कुंभारीपर्यंतच्या रस्त्यात शरणबसवांनी सुरुवातीची सात वाक्यं मनात जुळवली आणि मागून राजाबाई बोलल्या की प्रत्येक वेळी ती विसरली.

वस्तीवर सारजाबाई पुरण वाटत होत्या. अंकिता मेंढरांच्या वाड्याची जाळी बांधत होती. आबासाहेब धुतलेला फेटा बांधून बाजल्यावर बसले होते. कमरेला घोंगडीच्या तुकड्याचं म्यान होतं, पण रिकामं.

"सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," आबासाहेब म्हणाले. पानं दिली-घेतली. राजाबाई वाकून पाया पडल्या. मग कुणी काही विचारायच्या आत शरणबसवांनी पिवळं फडकं सोडून सुरी बाजल्यावर ठेवली आणि मेंढरांकडे बघायला लागले.

आबासाहेबांनी डाव्या हातानं सुरी उचलली. उन्हात धरली. उलटी केली, सुलटी केली.

"ही कुणाची ओ?"

"तुमचीच," शरणबसव कसेबसे म्हणाले.

आबासाहेबांचा अंगठा पात्यावरून टोकाकडे गेला आणि एका जागी थांबला. "व्हय की. हितं दाता हाय. सारजानं रॉकेलचा डबा फोडला हुता हिनं."

"तुमीच सांगितलं हुतं फोडाय," चुलीपासून सारजाबाई म्हणाल्या.

"कुणी घासली?"

शरणबसवांनी तोंड उघडलं, "मी, म्हणजे..."

"मी घासली की," राजाबाई पुढे सरकून म्हणाल्या. "दीड तास लागला बघा मामा. चिंच, राख, विटेची पूड. आता बघा, कुणाला खरं वाटंल का ही जुनी आहे म्हणून."

अंकितानं जाळी बांधता बांधता मान वर केली. सुरीचं काय झालंय ते तिला कळलं होतं. शरणबसवांना वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि आपण स्कूटरसकट आत जावं.

आबासाहेबांनी राजाबाईंकडे पाहिलं. मग त्यांच्या हाताकडे पाहिलं. "बोटाला लागलंय व्हय ताई?"

राजाबाईंनी बोट मुठीत लपवलं. बोटाला पट्टी होती. कालपासून होती, आणि दिवसभर पाटासमोर भिंग घेऊन बसलेल्या शरणबसवांना ती दिसली नव्हती.

"जरासं. धार आहे ओ तिला फार."

"धार हाय म्हंजी ती जित्ती हाय," आबासाहेब खुशीत म्हणाले. "लई कष्ट घेतलं ताई तुमी. आमच्या हिनं पन्नास वर्सांत एकदा बी पाणी लावलं न्हाय तिला."

"भाकरी थापायची का तुमची सुरी धुयाची?" सारजाबाईंनी विचारलं.

राजाबाई हसल्या आणि उठून चुलीपाशी गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर शरणबसव बाजल्याच्या कडेला टेकले आणि हळू आवाजात भडाभडा बोलून गेले. काळा रंग गेला, शिक्का गेला, मूठ नासली, माझी चूक, मीच कपाटात ठेवायला हवी होती. आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नातीला हाक मारली. "अंके, एक कांदा आण गं."

कांदा आला. आबासाहेबांनी सुरी शरणबसवांच्या हातात दिली. "चिरा."

शरणबसवांनी फळकुटावर कांदा चिरला. जाड, वेडावाकडा, पण चिरला. "आता पुसू नगा. ऱ्हाऊ द्या तशीच." चहा होईपर्यंत पात्यावर निळसर डाग उमटायला लागले होते. पांढऱ्यावर पहिला ढग यावा तसे.

"ईस-बावीस दिस," आबासाहेब म्हणाले. "दिवाळी हुईस्तवर पयल्यासारकी काळी. रंग काय गेला आन् काय आला, कांद्याला कुटं दुस्काळ हाय?"

"आणि अक्षरं?"

"कसली अक्षरं?"

"पात्यावरची. कारखान्याचं नाव होतं."

"आमाला कुटं वाचाय येत हुतं," आबासाहेब म्हणाले, आणि विषय संपला.

मुठीचा प्रश्न राहिला. आबासाहेबांनी ती दाबून पाहिली तर चकत्या भाकरीच्या पापुद्र्यासारख्या हलल्या. शरणबसव म्हणाले, "मूळची मूठ होती आबासाहेब. साहेबाच्या वेळची. तीच गेली."

"कोण म्हनलं तुमास्नी सायेबाच्या येळची?"

असं वहीत लिहिलेलं होतं.

"सायेबाची मूठ माज्या लग्नाच्या आदी कुत्र्यानं खाल्ली," आबासाहेब सांगू लागले. "चरबीचा वास हुता तिला. दुसरी बापानं लाकडाची बसवली, ती सारजानं चुलीजवळ ठिवली."

"थंडी हुती," सारजाबाई म्हणाल्या.

"ही तिसरी. हिरीवर मोटर बसली, मोट रिकामी झाली. इतकं पाणी वडलेलं चामडं फेकायचं कसं? मंग बाजारातल्या चप्पलवाल्या म्हाताऱ्याकडनं मोटंच्या चकत्या काडून घेतल्या. बुडाला हाय त्यो नट सायकलचा."

त्या नटाचं शरणबसवांनी वहीत पानभर चित्र काढलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, परदेशी घडणीचा विशेष. त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून. हसता हसता त्यांनी चष्मा काढला. आबासाहेबही हसायला लागले, का ते नीट न कळता, आणि चुलीपाशी दोघी बायका एकमेकींकडे बघून "काय झालं ह्यांना" म्हणत होत्या.

शरणबसवांचा जीव भांड्यात पडला होता. दोन वर्षं त्यांनी जिला जुनी, अस्सल म्हणून पूजलं, ती दोनदा मोडून दोनदा उभी राहिलेली होती. आणि त्यांना ती आता आधीपेक्षा जास्त आवडली.

"मग चौथी मूठ मी करतो," ते म्हणाले. "सात रस्त्याला एक चप्पल दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडून..."

"दुसऱ्याकडनं नगं. तुमच्या हातानं करा. चार चकत्या वाकड्या झाल्या तर झाल्या."

चामडं कुठलं घ्यायचं यावर बराच खल झाला. मोट आता कुणाच्या घरी उरलेली नव्हती. सारजाबाईंनी एक जुनी वहाण आणून दाखवली, तिला घुशीनं आधीच दात लावला होता. अंकितानं कोपऱ्यातली दप्तराची पट्टी आणली, ती रेक्झिनची निघाली. तेवढ्यात शरणबसवांचा हात आपल्या पोटाकडे गेला. कमरेला पट्टा होता. नोकरीत रुजू झाले त्या महिन्यात घेतलेला, जाड, तांबूस, निवृत्तीच्या दिवसापर्यंत रोज लावलेला. फक्त भोकं मागे सरकत गेली होती. त्यांनी तो सोडला आणि बाजल्यावर ठेवला.

"ओ, पॅन्ट," राजाबाई ओरडल्या.

सारजाबाईंनी सुतळीचा तोडा फेकला. शरणबसवांनी पाठ फिरवून पॅन्टला सुतळी बांधली. त्या दिवशी वस्तीवरची मेंढरं सोडून सगळे त्यांना हसले. ते स्वतःही हसले.

स्कूटरच्या डिकीतला पाना घेऊन अंकितानं सायकलचा नट सोडला. भिजलेल्या चकत्या एकेक करून निघाल्या आणि पात्याच्या मागचा उघडा दांडा तेवढा उरला. "आता हाताचं माप घेतो," शरणबसव म्हणाले. त्यांनी ते पिवळं फडकं दांड्यावर गुंडाळलं. हातात भरेल इतकं जाड झालं की थांबायचं, तेवढी मूठ ठेवायची, साधा हिशोब. पितळी आडेला धरून त्यांनी ते आबासाहेबांच्या उजव्या हातात दिलं. "धरा घट्ट."

आबासाहेबांनी धरलं.

"आवळा जरा."

"आवळलीय की."

बोटं मिटली नव्हती. हातात पेला धरावा तशी ती अर्ध्यावरच थांबली होती, आणि फडकं त्यांच्यामध्ये सैल फिरत होतं. शरणबसवांनी आणखी दोन वेढे दिले. फडकं जाड झालं, पण सुरी तशीच फिरली आणि टोक खाली झुकलं. त्यांनी तिसरा वेढा द्यायला हात पुढे केला.

"गुंडाळून काय उपेग न्हाय सायेब," आबासाहेब हळूच म्हणाले. "पोरीचं माप घ्या."

सारजाबाईंनी चुलीकडे तोंड वळवलं. शरणबसव त्या हाताकडे बघत राहिले. गाठी आलेली पेरं, एकीकडे झुकलेली बोटं. हा हात आज असा झालेला नव्हता. दोन वर्षं दर रविवारी ते इथं बसले होते. बाभळीच्या डहाळ्या आबासाहेबांनी त्या पहिल्या दिवशी तोडल्या होत्या, त्यानंतर दोर कुणी कापला, काकडी कुणी सोलली, खुरं कुणी काढली? पात्याचा कोन त्यांच्या वहीत होता. हात कुठंच नव्हता.

"दीड वरीस झालं," आबासाहेब म्हणाले. "तीच चालवती. म्या आपला कमरंला बांदून फिरायचा."

वापरणाऱ्याकडं म्हणजे कुणाकडं, ते शरणबसवांना आता कळलं. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. हवी असलेली वस्तू समोर असताना आपली नाही असं कळलं की साठीतल्या माणसालाही लागतं. त्यांनी एकदा सुरीकडे पाहिलं, बाजल्यावरच्या आपल्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि मग अंकिताला म्हणाले, "ये गं, बस इथं. खुरं काढताना धरतेस तशी धर."

अंकिता आजोबांकडे बघत उभी राहिली. आबासाहेबांनी मान हलवली. मग ती बाजल्याच्या कडेला बसली आणि तिनं फडक्यावर मूठ आवळली. सुरी हलली नाही. शरणबसवांनी चार वेढे सोडवले, एक पुन्हा दिला. तिच्या बोटांची टोकं तळव्याला टेकली तिथं त्यांनी पेनानं खूण केली.

"बास झालं काका," ती म्हणाली. "बरोबर बसली."

"किती चकत्या लागत्याल?" आबासाहेबांनी विचारलं.

"बत्तीस. तुमच्या हाताला लागल्या असत्या त्यापेक्षा जरा लहान कापायच्या."

"पट्टा पुरंल?"

"पुरून उरेल. पोट मोठं आहे माझं."

आबासाहेब हसले. मग त्यांनी नातीकडे पाहिलं, दोन्ही हात कमरेकडे नेले आणि घोंगडीच्या म्यानाची गाठ सोडवायला लागले. गाठ जुनी होती, घट्ट बसली होती. बोटं तिच्यावरून पुन्हा पुन्हा घसरत होती. अंकितानं हात पुढे केला आणि मागे घेतला. सारजाबाईंनी तव्यावरची पोळी उतरवून ठेवली, राजाबाईही बोलायच्या थांबल्या. कुणी मदतीला गेलं नाही. गाठ सुटेपर्यंत सगळे थांबले.